तळाची पट्टी

दि. ९ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. ह्यांची पाठ धरली होती, आता बरी आहे. शिवणयंत्राचा पट्टा बदलला, त्यामुळे माझी चिडचिडही कमी झाली आहे, असं हे म्हणतात.

तू पाठवलेला धुक्यातल्या तलावाचा फोटो माझ्या पिशव्यांवर काय सुरेख उठलाय! हातोहात खपताहेत. दुकानवाली विचारत होती, "तुमचा भाऊ फिरतो तरी किती हो?" मी म्हटलं, त्याच्या पायाला भिंगरी आहे. घरी आले आणि माझ्याच बोलण्यावर मला हसू येईना.

त्याचं असं झालं. फोटोची खालची पट्टी पिशवीच्या बुडाखाली दुमडली जाते, कुणाला दिसत नाही, हे तुला ठाऊकच आहे. म्हणून तू वरचं आभाळ निगुतीने साफ करतोस आणि खालचं तसंच सोडतोस. ह्या खेपेला मी घाईत कापड भलत्याच टोकाकडून मापलं. फोटो वर सरकला आणि ती पट्टी पिशवीच्या दर्शनी बाजूला आली. लाकडी कठडा, पिवळी बादली, दोरीवर राखाडी स्वेटर. स्वेटरच्या दोन्ही बाह्यांची एकमेकींत गाठ.

वाऱ्याने उडू नये म्हणून अशी गाठ कोण मारतं रे? चिमट्यांवर विश्वास नसलेली एकच बाई मला माहीत आहे.

मग मला चैन पडेना. कपाटातल्या जुन्या पिशव्या काढल्या, तळ उसवले. तुझा 'उत्तरेचा बर्फ': तोच कठडा. 'प्रवासातली पहाट': तीच बादली. वा रे भिंगरी! एका ओसरीत बसून मला जग दाखवतोयस होय?

बाबा गेले आणि आई न सांगता निघून गेली. तेव्हापासून तू म्हणतोस, फिरतोय, शोधतोय, पत्ता लागत नाही. मी सगळं खरं मानलं. फोनवर तुझ्यामागे कुणी खोकलं तर तू म्हणालास, शेजारीण आहे. तेही मानलं. आणि मी "येऊ का तिकडे?" म्हटलं, की नेमकी तुझी गाडी सुटायची वेळ होते. किती भोळसट मी!

मला एवढंच सांग. तिने तुला गप्प बसवलंय, की तूच मला अडवतोयस? राग येतोय मला तुझा, खूप येतोय. पण खरं सांगू, तो स्वेटर बघून मी आधी रडले. ती आहे. अजून स्वतःचं धुणं वाळत घालते आहे.

सोबत एक पिशवी आहे, ती विकायची नाही. बंद आखूड ठेवलेत. तुझ्या खांद्यावर चढणार नाहीत. लांब बंदांची पिशवी कुणाच्या गुडघ्यांवर आपटायची, ते तुला आठवत असेल.

पुढच्या फोटोची पट्टी कापू नकोस. त्या दोरीवर ही पिशवी दिसली तर मी निघते. नाही दिसली, तरी निघते. फिरतीवर म्हणवतोस, तरी माझी पार्सलं दर वेळी ज्या टपाल कचेरीतून नेतोस, तिच्या दारात येऊन बसेन. लहानपणी मी तुझी पाठ सोडायची नाही म्हणून तूच मला नाव ठेवलं होतंस ना?

तुम्हा दोघांची,
शेपूट