मामूंकडची दावत

३० जुलै, बुधवार
दुपारी चुलतदिरांकडे दावत, संध्याकाळी त्यांच्या शेजाऱ्यांकडे. र. ओमानहून सुट्टीवर आला की दर वेळी हेच. शाळेत मी सगळ्यांना सांगते, नवरा घरी आलाय. प्रत्यक्षात तो दुसऱ्यांच्या दस्तरखानावर जेवायला आणि मी आत बायकांच्या खोलीत. तक्रार नाही, लोक प्रेमाने बोलावतात. (तक्रारच आहे.)

कंपनीने त्याला आणखी दोन वर्षांसाठी विचारलंय. सुट्टी संपायच्या आत कळवायचंय. सकाळी चहा पिताना म्हणाला, "तू सांग. जाऊ की थांबू?" मी म्हटलं, "तुमची मर्जी." हा समंजसपणा की भित्रेपणा?

सासूबाईंनी, अम्मींनी, म्हसळ्याच्या बाजारातून मिरच्या आणल्या. तो निघायचा म्हटलं की त्याच्यासोबत द्यायला डबाभर मसाला होतो. अम्मींनी तो जाणार हे धरलंच आहे.

३१ जुलै, गुरुवार
रविवारी मुरूडकडच्या अभयारण्यात जायचं, डोंगरातले धबधबे बघायला. दोघंच.

अडचण अशी की रविवारी दोन दावती, एक र.च्या मामूंकडे, एक त्याच्या बहिणीकडे, नसीमआपांकडे. मामूंना कळवलं, नसीमआपांकडे जायचंय. श्रीवर्धनला नसीमआपांना फोन केला, मामूंकडे जायचंय. मोठी नणंद रुसेल म्हणून घाबरत होते, तर म्हणाल्या, "बरं झालं गो. आमच्याकडं पन रविवारी पाव्हनं हायत."

दोन खोटी. मुलांना वर्गात काय शिकवते मी?

३ ऑगस्ट, रविवार
सगळं लिहून ठेवते, नाहीतर उद्या खरं वाटणार नाही.

दिघीला गाडी फेरीबोटीवर चढवली. पलीकडे उतरेपर्यंत र. नुसता खाडीकडे बघत होता. मला वाटलं कंटाळला. तर म्हणे, "आज कुणी बिर्याणी वाढणार नाही ना?"

पहिला धबधबा वाटेलगतच, लहान. दुसऱ्यासाठी चढ. सगळीकडे शेवाळ. र.ला इतकी वर्षं सपाट रस्त्यांची सवय. दोनदा घसरला, दुसऱ्यांदा सरळ चिखलात बसला आणि बसल्या बसल्या हसत सुटला. व्हिडिओ कॉलवर तो हसतो तेव्हा आवाज आधी येतो आणि चेहरा मागून. इथे दोन्ही एकदम आले. मी बघतच राहिले. वर झाडात शेकरू होतं, तेही बहुधा त्यालाच बघत होतं.

धबधब्याच्या अलीकडे दगडावर टेकलो. म्हटलं, आता नाही तर परत "तुमची मर्जी". आणि बोलले. "मला वाटतं तुम्ही जाऊ नये."

तो बूट काढत होता, थांबला. "त्या दिवशी का नाही बोललीस?"

"अम्मी समोर होत्या."

(हेही खरं नाही. अम्मी अंगणात होत्या. खरं असं की तो राहिला आणि इथे त्याचं मन रमलं नाही, तर ते माझ्या माथी येईल.)

तो काही बोलणार, एवढ्यात वरच्या कातळावरून आवाज. "काय गो! मामूंचं घर हितं कधी आलं?"

नसीमआपा! ओढणी कमरेला खोचलेली, पाय पाण्यात, हातात उकडलेलं अंडं. मला जमीन पोटात घेईल तर बरं. पण र. शांतपणे म्हणाला, "आणि आपा, तुझे पाहुणे कुठायत?"

आपांनी अंड्यानेच नवऱ्याकडे, आमच्या दुल्हाभाईंकडे, खूण केली. "ह्यो काय बसलाय. सकाळपासनं खातोय, पाव्हनाच हाय." मग हसू आवरून, "रफीक, तू आल्यापासनं रांधतेय रे मी. सगली येतात तुला बघाया, आनि जेवतात माझ्याकडं. म्हटलं, एक दिवस पलू."

दुल्हाभाई म्हणाले, "मामूंना कोन सांगनार?"

"कुनी न्हाय," आपा म्हणाल्या. ठरलं. मग चौघंही कपड्यांसकट पाण्यात. आपा किंचाळत होत्या, मी त्यांच्याहून जास्त.

माझं वाक्य मात्र तिथेच दगडावर राहिलं. परतताना बोटीत र.ने माझी ओली ओढणी पिळून दिली. मी काही विचारलं नाही. एकदा सांगितलं ते सांगणं, पुन्हा सांगितलं तर दबाव. असं मी ठरवलंय. बरोबर आहे का, माहीत नाही. पाय ठणकतायत. खूप दिवसांत इतकी हसले नव्हते.

५ ऑगस्ट, मंगळवार
मामूंचा फोन: "परवा आपाकडे काय काय होतं जेवायला?" र. म्हणाला, "अंडी." मी तोंडात पदर कोंबला.

संध्याकाळी अम्मींनी मिरच्या काढल्या. "रफीक, तुझा मसाला कधी करायचा?"

"राहू दे अजून, अम्मी."

"पावसात नरम पडतील."

"पडू देत."

अम्मींनी माझ्याकडे बघितलं. मी तांदूळ निवडत राहिले, खडे दिसत नव्हते तरी.

मग तो स्वतःच पाट ओढून बसला आणि मिरच्यांची देठं काढू लागला. असं त्याने कधी केलेलं नाही. मीही शेजारी बसले. देठं काढून झाली. मसाला आता होईलच. इथे खाल्ला जाईल की ओमानमध्ये, ते तो बोललेला नाही.