मूठमूठ

मंगळवार, संध्याकाळ. जळगाव

अखेर चाललं! केळीच्या बागेतलं ठिबक चालवणारा तो इवलासा बोर्ड चार दिवस अडून बसला होता. सर्व्हरवरची फाइल नेटवर्कवरून वाचायला लागला की मध्येच गप्प. ऑफिसात सगळे म्हणत होते, बोर्डच बदला. आज मी फक्त एका वेळी पाठवायचा तुकडा बत्तीस केबीवरून चार केबीवर आणला, आणि फाइल पूर्ण उतरली. बिचाऱ्याची मेमरीच तेवढी, आणि मी घास कोंबत होते.

तेव्हापासून पारोळ्याचं आमचं गाद्यांचं दुकान डोळ्यांसमोरून हलत नाही. अब्बा पिंजारी. लहानपणी मी त्यांच्या पिंजायच्या मशीनमध्ये घाईघाईने ढीगभर कापूस लोटला आणि पट्टा तुटला. तोही ऐन लग्नसराईत. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "बठ्ठा एकदम नको टाकू. मूठमूठ दे, मशीनले बी दम लागस."

किती वर्षं झाली? मशीनही भंगारात गेलं. पट्टा तुटल्याचा तो फटकन आवाज मात्र अजून कानात आहे.

आत्ता अब्बांना फोन करून सगळं सांगितलं. बोर्ड, तुकडे, चार केबी. त्यांना काय कळलं कोण जाणे. नीट ऐकून घेतलं आणि हळूच विचारलं, "पट्टा तं नई तुटना ना?"