पायरीचा घोट

९ सप्टेंबर

पोहोचले एकदाची. गाडी वेळेवर आली आणि रिक्षावाल्या भैयाने न विचारता अर्धं जबलपूर तोंडी दाखवून टाकलं. खोव्याची जलेबी कुठली खायची, ग्वारीघाटला आरतीला कधी जायचं, सगळं. ऊन होतं, पण मनाला गार वाटत होतं.

सदर म्हणजे छावणीचा जुना बाजार. एका गल्लीत चर्च, त्याला चिकटून बेकरी, समोर रिटायर्ड फौजींचं बसायचं ठिकाण, पुढे कॉलेजच्या पोरांचं कराओके, वर कोणाच्या तरी गच्चीत मोमो आणि गिटार. ज्याला जे हवं ते त्याने प्यावं, ऐकावं आणि घरी जावं. या सगळ्याच्या मधोमध आमचा मूनलाइट बार. आमचा म्हणतेय, कारण आजपासून मी तिथली मॅनेजर.

मालक आल्हाद चाळिशीचा, मऊ बोलणारा, मराठा काळापासून इथे राहिलेल्या घराण्यातला. मी नाशिकची म्हटल्यावर खूश झाला. "अच्छा, चलो, मराठी बोलायला कोणी तरी मिळालं. आमच्या पोरांना समजतं सगळं, पण स्वयंपाकघरातली अर्चनाताई सोडली तर बोलत कोणी नाही." गल्ल्यामागे त्याच्या वडिलांचा, नरहररावांचा, हार घातलेला फोटो आहे. हार्टने गेले म्हणाला. मी चुकचुकले. कधी गेले, ते विचारलं नाही. दुसऱ्याच्या बापाच्या तारखेशी मला काय करायचंय? राहायला बारच्या वरचीच खोली मिळाली आहे, हॉलमधून लाकडी जिना चढला की दार.

सगळं कसं छान जमून आलंय. आल्हादला नमस्कार करताना मी हसलेसुद्धा. माझी धाकटी बहीण दुर्वा याच बारमध्ये गात होती. दोन वर्षांपूर्वी तिचं प्रेत भेडाघाटच्या अलीकडे नर्मदेत सापडलं. पाय घसरून पडली, असं कागदावर लिहून सगळे मोकळे झाले. गोदावरीत पोहायला शिकलेली पोर, आणि म्हणे पाय घसरला. शेवटच्या फोनवर ती म्हणाली होती की मालक छळतो, वर बोलावतो. माझं सासरचं आडनाव वेगळं, त्यामुळे इथे कोणाला संशय येणार नाही. या मऊ माणसाला मी रडवणार आहे. कसं, ते ठरलेलं नाही. पण मला घाई नाही.

११ सप्टेंबर

बार चालतो चांगला. संध्याकाळी आधी फौजी येतात, मग बँकेतले, मग पोरं-पोरी. कोपऱ्यात हार्मोनियमवाला गझला म्हणतो, आणि शेजारच्या कराओकेचा धिंगाणा भिंतीतून येतो तेव्हा बिचारा डोळे मिटून घेतो.

एक गंमत पाहिली. पहिला ग्लास हातात आला की पिणारे बोट बुडवून दोन थेंब शिंपडतात, हे सगळीकडेच असतं. इथे मात्र लहान-थोर, सगळे ते जिन्याच्या पहिल्या पायरीकडेच उडवतात. नवा कोणी आला तर शेजारच्या टेबलावरचा त्याला खुणावतो. ड्राय डेला गिऱ्हाईक नसतं, तेव्हा आल्हाद स्वतः ग्वारीघाटवरून नर्मदेचं पाणी आणून तिथे ओततो म्हणे. पायरीचं लाकूड काळं आणि मऊ झालंय. एवढी गोड दारू सांडते, पण तिथे मुंगी फिरकत नाही.

१५ सप्टेंबर

आज अर्चनाताईला बोलतं केलं. ती स्वयंपाकघर सांभाळते, रांझीहून बसने येते, नवरा फॅक्टरीत आहे. भजी तळता तळता म्हणाली, "पहिला घोट त्या पायरीचा. इथे एक जीव तहानेने गेला, दीदी. शेवटचं पाणी तोंडात पडलं नाही. म्हणून सगळे पाजून राहिले." कोण, म्हणून विचारलं तर तिने कानाच्या पाळ्या धरल्या. या छपराखाली नाव घेत नाहीत म्हणे. कधीची गोष्ट, तर दोन वर्षं झाली.

दोन वर्षं. मी स्टोअरमध्ये जाऊन बीअरच्या क्रेटवर बसून रडले. आमच्याकडे जाणाऱ्याच्या तोंडात गंगेचं पाणी घालतात, तुळशीचं पान ठेवतात. माझ्या दुर्वाला ते कोण घालणार होतं? म्हणजे ती घाटावर नाही गेली, ती इथे गेली, या जिन्यावर. नंतर तिला नदीत टाकलं. आणि आता रोज दोन थेंब पाजून तिला झोपवून ठेवतात, मालकाला सुखाची झोप लागावी म्हणून. चोराच्या मनात चांदणं ते हेच.

आता मला माझी वाट सापडली. मी काहीच करायचं नाही. फक्त तिला जागी होऊ द्यायचं.

१९ सप्टेंबर

पायरीपासून वरपर्यंत जाड गालिचा घातला. "कृपया ज़मीन पर न छिड़कें" अशी पाटीही लावली. आल्हादचा चेहरा पांढरा पडला. दसऱ्यानंतर करू, असं चार वेळा म्हणाला. मी म्हटलं, लाकूड कुजलंय, वास येतो, चांगल्या घरच्या मुली येतात आपल्याकडे. खरं कारण सांगता येईना, त्यामुळे त्याला नाही म्हणता येईना. त्याला असा अडकलेला बघताना मला जे सुख झालं ते लिहायला लाज वाटत नाही.

फौजींच्या टेबलावरचे एक सुभेदार पाटी वाचून ग्लास तसाच ठेवून निघून गेले. अर्चनाताई म्हणाली, "काहून बंद केलं, दीदी? ज्याचं त्याला देऊन टाकावं." तिला मी माझ्या कामात न पडायला सांगितलं. थोडं कडकच बोलले.

२३ सप्टेंबर

काल नवरात्र बसलं. गल्लीच्या तोंडाशी देवीचा मंडप, बारमध्ये चार टेबलं भरली तर नशीब. अर्चनाताई येत नाही, बरं नाही असा निरोप आहे.

टेबलावर भरून ठेवलेले पाण्याचे ग्लास कोणी न पिता उतरतात. मी स्वतः पाहिलं. फुलदाणीतलं पाणी आटलं, बर्फाच्या बादलीत बर्फ नाही आणि पाणीही नाही, बादली आतून कोरडी ठणठणीत.

आल्हादचे ओठ फुटलेत. दुपारी जिन्यापाशी उकिडवा बसून काहीतरी पुटपुटत होता. मला बघून उठला आणि उगीचच पंख्याबद्दल बोलला. दुर्वा, उठलीस का गं? छान केलंस.

२६ सप्टेंबर

आल्हाद पार सुकलाय. मला म्हणाला की कोणीतरी त्याला दिवसभर एकच प्रश्न विचारतंय. कोणता, ते सांगेना. मी अगदी पाघळलेल्या आवाजात म्हटलं, मन मोकळं करा, आल्हादजी, बरं वाटेल. देवाच्या काठीला आवाज नसतो म्हणतात. मला तर चांगला ऐकू येतोय.

एकच गोष्ट खटकते. जिन्यावर पावलं वाजतात ती जड आहेत. दुर्वा चालायची तर मांजरालाही कळायचं नाही. मेल्यावर माणूस जड होत असेल.

२९ सप्टेंबर

घसा कोरडा. तांब्या भरून उशाशी ठेवते, उचलावा तर रिकामा. आज नळाखाली ओंजळ धरली. ओंजळ भरलेली दिसली, तोंडाशी नेली तर हात कोरडे. बाहेर जाऊन बेकरीत पाणी मागितलं, तिथे प्यायला आलं. म्हणजे फक्त या घरात.

माझ्यावर का? मी तर तिच्याच बाजूची.

जिन्यावर जर्द्याचा वास येतो. दुर्वा साधी सुपारीसुद्धा खात नव्हती.

१ ऑक्टोबर

आल्हादने मला कॉफी हाउसमध्ये बोलावलं. बारमध्ये बोलायचं नाही म्हणाला. बसल्या बसल्या त्याने विचारलं, मी दुर्वाची कोण. माझी चाल तिच्यासारखी आहे, त्यावरून त्याला आठवडाभर संशय होता. मी सांगितलं, सख्खी बहीण, आणि तुझं वाटोळं करायला आले. तो रडायला लागला. वेटर बघायला लागला तरी रडत होता.

त्याने सांगितलं ते असं. तेव्हा बारचा मालक तो नव्हता, त्याचे वडील होते. छळत होते ते नरहरराव. आल्हादला कळत होतं, पण बापासमोर त्याचं तोंड कधी उघडलं नाही. एका संध्याकाळी नरहररावांनी दुर्वाला वर, मी आता राहते त्याच खोलीत, बोलावलं. तिने त्यांच्या ग्लासात उंदराचं औषध कालवलं, बाहेर आली आणि कडी घातली. ते पाणी पाणी म्हणून दार बडवत राहिले. ती वरच्या पायरीवर बसून गाणं म्हणत राहिली. खाली हॉलमध्ये गाणं-बजावणं जोरात होतं, लोकांना वाटलं रियाज करतेय. दाराआडचा आवाज थांबला तेव्हाच तिने गाणं थांबवलं. खाली येऊन आल्हादला सगळं सांगितलं, आणि चालत नर्मदेवर गेली. घराण्याचं नाव जाऊ नये म्हणून त्याने हार्ट म्हणून सांगितलं.

तहानेने गेलेला जीव तो. घोट त्याचा होता.

मी म्हटलं, मग तो मला काय करणार? आल्हाद म्हणाला, "बाबा विचारून राहिले, तिचं कोण आलंय घरात? मी सांगितलं नाही, अवंतिकाजी. मरेन पण सांगणार नाही. तुम्ही फक्त तिथे तिचं नाव काढू नका. उद्या मी नर्मदेचं पाणी आणतो, गालिचा काढतो. तुम्ही उद्याच्याच गाडीने निघा."

ज्याला रडवायला आले तो मला वाचवत होता.

परत आले. शहाण्या बाईसारखं गप्प वर जायला हवं होतं. पण जिन्यावर तो जर्द्याचा वास आला, आणि डोक्यात तिडीक गेली. हा इथे पाय वाजवत फिरतो आणि माझी दुर्वा माशांनी खाल्ली. पायरीवर पाय रोवून मी त्याला मोठ्याने सांगितलं, मी तिची बहीण. तिने केलं ते चांगलं केलं. मी इथे असते तर तिच्या शेजारी बसून गायले असते. तुला या घरात पाण्याचा थेंब मिळणार नाही.

खूप बरं वाटलं. सूड तर तिने स्वतःच घेतला होता, माझ्यासाठी काही उरलंच नव्हतं. उरला होता तो त्याचा.

हे आत्ता लिहिताना सुचतंय.

२ ऑक्टोबर

दसरा आणि गांधीजयंती एकाच दिवशी. ड्राय डे. बारला कुलूप. आल्हाद सकाळीच ग्वारीघाटला गेला. मी सामान भरायला वर आले. दार लोटलेलं ठेवलं होतं.

कडी बाहेरून लागली.

दुपार

फोन लागत नाही. देवीची मिरवणूक आहे, सगळे रस्ते बंद. आल्हाद अडकला असेल. येईल. खिडकीला गज आहेत. खाली ढोल, बँड, डीजे. मी ओरडतेय, लोक वर बघून हात हलवतात. त्यांना वाटतं मी जयजयकार करतेय.

—

बाटली आणली होती बेकरीतून. सीलबंद. सील तसंच आहे, आत काही नाही.

जीभ टाळूला चिकटतेय. दाराखालून जर्द्याचा वास.

त्याची माफी मागितली. खोटी मागितली. त्याला कळलं असावं—

—

पावलं वर आली. दाराशी थांबली. मग लाकूड करकरलं, कोणी पायरीवर बसलं की करकरतं तसं.

गातोय.

जाड आवाज, सूर नाही. पण गाणं तिचंच. दाराआडून दोन वर्षांपूर्वी ऐकलेलं. अंतरासुद्धा चुकत नाही—

कळलं मला. माझा आवाज थांबला की तो थांबणार. म्हणून मी थांबत नाहीये. दार बडवतेय, पाणी म्हणतेय, काहीही म्हणतेय. आल्हाद येईपर्यंत—

आवाज निघत नाही. नुसती हवा. नखांनी दार खरवडतेय, ते तरी—

लिहितेय. लिहिल्याचा आवाज त्याला ऐकू येत असेल का? पेन जोरात दाबते. अजून गातोय. म्हणजे मी अजून आहे. अजून गातोय. अजून—

खाली कोणीतरी कुलूप काढतंय. आल्हाद. तांब्याचा आवाज. आल्हाद, वर ये, वर, कडी—

गाणं थांब