टर्की बघायला

श्रीरंग,

मला लॅबमधून यायला रात्र होईल. जेवण फ्रिजमध्ये आहे. केतकीचे हिरवे कपडे धुवून खुर्चीवर ठेवलेत. उद्या पहाटे तिला लाल, पांढरं किंवा निळं काहीही घालू नकोस, मोजेसुद्धा. नर टर्की पक्ष्याच्या डोक्याचे हेच रंग असतात, आणि झाडीतला दुसरा एखादा शिकारी तेवढा रंग पाहून गोळी झाडू शकतो. तुझ्या बॉसने हे सांगितलं नसेल, म्हणून मी लायब्ररीत जाऊन वाचलं.

त्याने शिकारीला मुलांना घेऊन या म्हटलं, म्हणून तिच्या आठ वर्षांत पहिल्यांदा तू तिला एकटीला कुठे तरी नेतो आहेस. पण तिला सांगितलंस, ‘टर्की बघायला जायचंय.’ नागपूरला आमच्या घरीही तू ‘फक्त बघायला’च आला होतास, आणि चहा संपायच्या आत लग्न ठरून माझ्या पीएच.डी.चा निकाल लागला होता.

आठवडाभर ती लाकडी डबी घासून टर्कीच्या मादीचा आवाज काढते आहे. हुबेहूब काढते. तो ऐकून नर खेळायला येईल, असं तिला वाटत होतं. तो येईल आणि तू त्याला मारशील, हे आज सकाळी मी तिला सांगितलं.

तिने डबी खाली ठेवली. मग म्हणाली, "बट आई, डझ बाबा नो?"

मी हो म्हटलं. तरी ती तुला विचारणार आहे, कारण तिचा माझ्यावर विश्वास बसला नाही.

सुलेखा