मागे न घेतलेली सूचना

बाबा,

तो रविवार मला अजून जसाच्या तसा आठवतो. तुम्हाला आमदार होऊन आठ वर्षं झाली होती आणि आपण वारज्याच्या त्याच दोन खोल्यांत राहत होतो. सरकारी कचेरीतली कारकुनी सोडून तुम्ही पहिल्यांदा उभे राहिलात, तेव्हा विहारात तुमच्या अभ्यासवर्गाला येणारी माणसं सायकलवरून प्रचाराला फिरली होती. आता शहराबाहेरच्या एका गावाची जमीन सॉफ्टवेअर कंपन्यांसाठी घ्यायचं ठरलं होतं. कंपन्यांना तुमचा विरोध नव्हता. पण नकाशात गावातली राहती घरंही ओढली गेली होती. तुम्ही विधानसभेत लक्षवेधी सूचना दिलीत. सोमवारी मंत्र्यांना सभागृहात उत्तर द्यावं लागणार होतं, आणि मंत्री तुमच्याच पक्षाचे.

त्या सकाळी पक्षाचे शहराध्यक्ष थेट स्वयंपाकघरात येऊन बसतात. आई पोळ्या लाटतेय, मी कोथिंबीर निवडतेय. "साहेब, सूचना मागे घ्या," ते म्हणतात. "तिकिटांची यादी तयार होतेय."

"घरं वगळा, लगेच घेतो," तुम्ही म्हणता.

ते माझ्याकडे वळतात. "ताईंची निवड तिथेच येणाऱ्या कंपनीत झालीय ना? चांगलं झालं. सांभाळा."

आई गॅस बारीक करते. "चहा घेऊन जा," ती म्हणते. "नुसतं घाबरवायला एवढ्या लांब आलात, असं नको व्हायला."

मग ते गेले. माझ्या हातात देठं तशीच होती. कॉम्प्युटरची डिग्री घेऊन वर्ष झालं होतं, सात ठिकाणी नकार आला होता, आणि हे एकच पत्र कपाटात जपून ठेवलं होतं. शेवटी मी म्हणाले, "तुमच्या हट्टापायी माझी नोकरी जाणार." तुम्ही आवाज चढवला नाहीत. "तुला दुसरी नोकरी मिळेल. त्या गावातल्या माणसांना घरातून उठवलं तर ती कुठे जातील, ते सांग." मला सांगता आलं नाही, म्हणून जास्त राग आला.

सोमवारी तुम्ही बोललात. मंत्र्यांनी आधी टाळलं, मग सभागृहातले इतरही उठले, आणि घरं वगळण्याचं आश्वासन द्यावंच लागलं. आठवड्याभरात कंपनीचं पत्र आलं: रुजू होण्याची तारीख पुढे ढकलली आहे, नवी तारीख कळवू. ती कधीच कळवली नाही. कुणी सांगितलं म्हणून, की त्यांचीच काही अडचण होती, हे मला आजही माहीत नाही. तेव्हा मात्र मी खात्रीने ठरवून टाकलं आणि तुमच्याशी बोलणं सोडलं. यादीत तुमचं नाव नव्हतं. तुम्ही अपक्ष उभे राहिलात, हरलात. दारातली गर्दी संपली, फोन वाजायचा थांबला. तुम्ही बसने नारायण पेठेतल्या वाचनालयात जायचात, परत यायचात. तीन वर्षांनी हृदयविकाराने गेलात. तोवर मी दुसऱ्या कंपनीत लागले होते आणि तुम्हाला पहिल्या पगाराची बातमी आईकरवी कळवली होती.

आता माझं ऑफिस त्याच गावाला लागून आहे. मागच्या महिन्यात कॅन्टीन बंद होतं, म्हणून गावातल्या एका खानावळीत जेवायला गेले. चालवणारी बाई माझ्याहून थोडी मोठी. वाढता वाढता म्हणाली, "समदं मोडणार हुतं हे. एक आमदार हुते, ते भांडले म्हून घर हाय. पुढं त्येंना कुनी निवडून दिलं न्हाई." मग विचारलं, "तुमी कुठल्या?" मी म्हणाले, वारज्याच्या. तुमची मुलगी आहे, एवढं सांगायला तोंड उघडलं नाही.

कारण त्या निवडणुकीत मी शिक्का हातात घेऊन बराच वेळ उभी होते, बाबा. तुमच्या चिन्हासमोर मारला नाही. दुसऱ्या कुणासमोरही नाही. कोरी मतपत्रिका घडी घालून पेटीत टाकली. बाहेर तुम्ही उन्हात थांबला होतात. "दिलंस?" म्हणालात, आणि मी मान हलवली. आई अजून पाहुण्यांना सांगते, घरातली तिन्ही मतं तरी पक्की होती. मी तिला कधी दुरुस्त केलेलं नाही.