फिल्टर ठरला की निघू

४ नोव्हेंबर, ऊर्जानगर
सुजाता म्हणाली, आजी, तुम्ही बोलत राहा, मी लिहिते, तेवढाच वेळ जाईल. ही माझी नातसून. मी 'मले' म्हणते, ती 'मला' लिहिते. नवऱ्याचं, म्हणजे माझ्या नातवाचं, मिलिंदचं नाव नुसतं 'मि.' लिहिते. जागा वाचवते की लाजते, कोण जाणे.

तिसरा मजला. लिफ्ट नाही. पावसाळ्यात गावच्या आंगणात पडले, खुब्याचं हाड मोडलं, मि.ने इथे आणलं. आता हाड जुळलं. वॉकर धरून मोरीपर्यंत जाते, परत येते. खिडकीतून खाली मि.चा ट्रक दिसतो. चाकं मोठी, अंगाने उंच. मागे सामानाचा उघडा डाला आहे, पण त्यात आजवर धानाचं एक पोतं चढलं नाही. चिखलातल्या शर्यतीसाठी आहे तो. हवेचा जुना फिल्टर काढून टाकला, नवा ठरत नाही, म्हणून ट्रक जागच्या जागी.

आरमोरीकडे आपल्या गावात २३ तारखेला मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा. लेकीबाळी येतील, रात्री नाटक. मि.ला विचारलं, कधी नेतोस?
"फिल्टर ठरला की निघू, आजी."
दिवाळीपासून ठरतोच आहे. याच्यासाठी मुलगी पाहिली तेव्हा एवढे दिवस लागले नव्हते. (सु. हसली. लिही म्हटलं, हसू नको.)

७ नोव्हें.
सलीम आला. मि.चा दोस्त, चंद्रपुरात गॅरेज आहे. चहा थंड झाला तरी दोघांचं भांडण गरम.
मि.ला उघडा फिल्टर पाहिजे, लाल कापडाचा, शंकूसारखा. हवा जास्त ओढतो आणि इंजिनात हवा कोंबणाऱ्या टर्बोची शिट्टी मोठी वाजते.
सलीम म्हणतो, "भाई, वो इंजिन की गरम हवा खाएगा. बंद डब्बेवाला लाव, बाहेरून थंडी हवा आणते."
"त्यात आवाज नाई येत ना बे."
"तुले ताकद पाहिजे का शिट्टी?"
"दोनी पाहिजे."
मी म्हटलं, मले मंडई पाहिजे. फिल्टरवाल्यांच्या कानात माझं काही शिरलं नाही. गाळलं गेलं असेल.

१० नोव्हें.
काही नाही. मोरी. खिडकी. ट्रकवर ताडपत्री, माझ्यावर गोधडी.

११ नोव्हें.
उघडा फिल्टर बसवला. मि. चक्कर मारून आला. शिट्टी तिसऱ्या मजल्यापर्यंत आली. पोरगं नव्या नवरदेवासारखं हसत वर आलं. म्हटलं चला, ठरला.
तर म्हणे आता ट्यूनिंग. इंजिनाला डोकं असतं, त्यातला डिझेलचा हिशेब नागपूरचा एक माणूस बदलून देतो, मग ताकद वाढते. पण तो माणूस विचारतो, फिल्टर पक्का कोणता? हवा किती येणार ते कळल्याशिवाय मी हात लावणार नाही. आणि मि. म्हणतो, ट्यूनिंग किती करायचं ते कळल्याशिवाय फिल्टर पक्का कसा करू?
त्यात सलीमने फोनवर आणखी एक काढलं. नाल्यात उतरायचं असेल तर टपापर्यंत उंच नळी पाहिजे, नाहीतर हवेसोबत पाणी आत जाईल. म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. गोल गोल. धान मळताना चुरणीत फिरणाऱ्या बैलांना तरी शेवटी तणस खायला मिळते.

१३ नोव्हें.
मि.ने फिल्टर काढून बाल्कनीत ठेवला, धुतो म्हणाला, आणि वीज केंद्रात पाळीवर गेला. सु. बाजारात. मी वॉकर धरून गेले. दोन दिवसांतच इथल्या कोळशाच्या काळ्या धुळीने माखलेला. तो धुणार, मग ठरवणार, मग नेणार. म्हटलं एक काम तरी कमी करू. साबणाच्या फेसात, तान्ह्याचं डोकं धुवावं तसा धुतला. उन्हात वाळवला. आधी हाताला तेलकट लागला होता, म्हणजे तेल लागतंच त्याला. घरात गावाकडून आलेलं घाण्याचं जवसाचं तेल होतं. लावलं, सढळ हाताने. आम्ही भाजीत खातो, इंजिनानं काऊन नाही खावं?
मि. आल्यावर तो बसवायला नेताना म्हणाला, "मस्त धुतला वं, सुजाता."
सु.ने माझ्याकडे पाहिलं. मग पिशवीतली भाजी निवडायला बसली. मी गोधडी ओढून घेतली.

१७ नोव्हें.
ट्रक बिघडला. काळा धूर. चढावर दम नाही. समोर पिवळा दिवा. सलीमने बोनेट उघडलं, फिल्टर हातात घेतला तर चिक्कीसारखा. जवसाचं तेल वाळून चिकट झालं, धूळ धरून बसलं.
बैलगाडीच्या लाकडाला दरवर्षी हेच तेल लावायचे मी, वाळून कडक व्हावं म्हणूनच. तेव्हा आठवलं नाही.
"ये किसने लगाया? गाडी है की भाजी?" सलीम खालून ओरडला. मि.ने वर खिडकीकडे पाहिलं. मी जयभीम केला.
हवा मोजायचा सेन्सरही चिकटला. तो साफ केला. फिल्टर मात्र फेकला. नवा मागवला, तो येणार मंडई झाल्यावर.
निघायची घाई करून स्वतःच बाहेरून कडी घालून घेतली. सु. म्हणते, जाऊ द्या आजी. तेच तर म्हणते आहे मी, जाऊ द्या.

१९ नोव्हें.
वॉकरच्या पायाचं रबर निघालं, घरंगळत माझ्या खाटेखाली गेलं. सु. वाकली. रबर सापडलं, आणि गोणपाटात गुंडाळलेला एक मोठा काळा डबा. ट्रकचा जुना फिल्टर, कंपनीचा, डब्यासकट. एकदम धड.
सु.ने सलीमला फोन लावला. तो म्हणाला, "अरे, वो लगा दो. अर्ध्या तासात गाडी चालू. आरमोरी काय, सिरोंचाले जा."
म्हणजे दिवाळीपासून माझी निघायची सोय खाली आणि मी वर झोपलेली.
मि. विसरला असेल, असं लिही म्हटलं. सु. लिहायची थांबली. विसरणारा नाही तो.

२० नोव्हें.
जेवताना विचारलं, "जुना डबा कुठी आहे रे?"
"विकला."
"कोणाले?"
नजर खाटेखाली. लहानपणी गूळ चोरायचा तेव्हाही याचे डोळे आधी कबूल करायचे.
मग बोलला, हात ताटात तसाच. "तू सकाळपासून आंगणात पडून होती, आजी. दुपारी शेजारची बाई आली तेव्हा कळलं. आता पडली तर कोण उचलन?"
"इथी तर पडाले जागाच नाई."
हसला नाही. मीही हसवायला बोलले नव्हते.
"तिथी गेल्यावर वापस येशील?"
हो म्हणायला काय जात होतं? पण त्या पोराशी मी कधी खोटं... भाजी वाढ म्हटलं सु.ला.

२१ नोव्हें.
त्याने ताट बाहेर नेलं. मी माझं खाटेवर घेतलं. सु. दोघांच्या मध्ये पोळ्या करते.

२३ नोव्हें. मंडई
सु. मागच्या सीटवर, मोबाइलवर लिहिते आहे.
सकाळी मि.ने कोणाला काही न विचारता खाटेखालचा डबा ओढला, खाली नेला, बसवला. शिट्टी नाही, ट्यूनिंग नाही. त्याने आणि सलीमने प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून मला खाली आणलं. दुसऱ्या मजल्यावर सलीमला धाप लागली. "अम्मा, जरा वजन कम करो." म्हटलं, तू तुझा टर्बो लाव. ट्रकमध्ये चढवायला पुन्हा उचललं. एवढा उंच कोणासाठी केलास रे? मि.चा ओठ जरासा हलला.
वॉकर डाल्यात टाकला. सोबत माझ्या लुगड्यांची पिशवी. डाल्यात पहिल्यांदा काही कामाचं चढलं.
"एक चक्कर मारून पाहू," मि. म्हणाला, "कशी चालते ते."

कॉलनीच्या गेटापाशी उभे आहोत. डावीकडे आरमोरीचा रस्ता. उजवीकडे वळलं की कॉलनीला वळसा आणि परत क्वार्टर. इंजिन शहाण्यासारखं चालून राहिलं आहे, खोट काढायला जागा नाही. मागून मोटारसायकलवाला हॉर्न देतो आहे. मि.चा हात इंडिकेटरच्या दांडीवर.
"आजी, नाटक किती वाजता सुरू होते?"
"सगळे आल्यावर."
हात अजून तिथेच आहे.