रस्ता दिसणारं घर

प्रिय भिया,

आता तरी कबूल कर का तू हरला. आपले नातेवाईक फक्त जेवाले येतात, कामाले कोणी येत नाही, हे तुझं गाणं मी लहानपणापासून ऐकून राह्यलो. पुष्पा वहिनी गेल्यावर तिच्या तेराव्याच्या जेवणातही तू तेच बोलला, तेही तिच्या सख्ख्या भावासमोर. शंकरसिंग भरलं ताट ठेवून उठला तो पुन्हा आपल्या दारात आला नाही. अन् आता सरकारी लोकायनं विचारलं तं तू सांगून मोकळा झाला, माह्या पोरीले कोणी नाही. कोणी नाही? आपली याडी, आपली माय, अजून जित्ती हाय, काठी आपटत अख्ख्या तांड्याले कामाले लावते. माह्यावर राग असन तं समजू शकतो. मी कधी हैदराबादले, कधी सुरतले, आता इथं मोरबीत टाइल्सच्या भट्टीवर. माहं बूड कुठं टेकत नाही. पण म्हणून मी बी कोणी नाही?

रागानं सुरू केलं खरं, पण हसत लिहून राह्यलो. बाजूच्या खाटेवरचा पोट्टा पाहून राह्यला, त्याले वाटते मी कोण्या पोरीले लिहितो. माही शाळा पाचवीपर्यंत, तं अक्षराकडं पाहू नको, मजकूर पाहाय.

त्या दिवसाचं तुले किती आठवते कोण जाणे. उमरखेडच्या स्टँडवर तू पिऊन बाकड्यावर आडवा पडला होता, अन् सेवंती तुह्या चपला मांडीवर घेऊन बसली होती, कोणी नेऊ नाही म्हणून. दुपारची संध्याकाळ झाली तं चहावाल्यानं हेल्पलाइनले फोन लावला. नऊ वर्षांच्या लेकराले बालगृहात नेलं, तुले व्यसनमुक्ती केंद्रात. तू 'कोणी नाही' म्हटलं होतं, म्हणून बालकल्याण समितीच्या मॅडम तिले मोठी होईपर्यंत तिथंच ठेवायच्या विचारात होत्या. गोष्ट एवढ्यावर आलती, भिया.

पण तिथं राजदीप सर म्हणून एक तरुण माणूस हाय. त्यायचं म्हणणं असं, का लेकराचा फैसला करायच्या आधी लेकराची सगळी माणसं एका जागी बसवायची अन् त्यायलेच विचारायचं. त्यायनं सेवंतीले नातेवाईक विचारले. नावं, गावं तिले कुठून माहीत? मंग सरायनं विचारलं, तू कोणाकोणाच्या हातचं जेवली? झालं, तोंड सुटलं. एक बोरं वाळवून ठेवणारी आत्या. एक भाकरीवर तेल-तिखट घालून देणारा ऑटोवाला काका. मटणातली नळी तिच्यासाठी बाजूले काढणारा मामा. गुळाचा खडा हातावर ठेवणारी आजी. एका बैठकीत पोरीनं आपलं सारं गोत सांगून टाकलं, अन् सर मोटरसायकल घेऊन तांड्या-तांड्यानं ते हात शोधत फिरले. आता सांग, नातेवाईक जेवाले येतात का जेवू घालाले?

बैठक उमरखेडले ठेवली. सरायनं पंधरा खुर्च्या मांडल्या होत्या अन् बिस्किटाचे पुडे आणले होते. आले दोन टेम्पो. 'ज्याले ज्याले पोरीची काळजी हाय त्यानं यावं' असा निरोप होता. असा निरोप आल्यावर घरी कोण राहीन? न जाणाऱ्याची तं अब्रूच गेली. तांड्याचा मुखिया, धनसिंग नायक, पागोटं बांधून आला. उकंडा काका ऑटो घेऊन आला. आत्या दोन सुना अन् एक शेळी घेऊन आली. शेळी कायले, तं म्हणे ती सेवंतीच्याच नावाची हाय, तिले बी काळजी हाय. अन् सोबत भाकरीचं गाठोडं, मटणाचं पातेलं, कारण सरकार जेवू घालीन यावर आपल्या लोकायचा भरवसा नाही. सरायनंही बिस्किटं बाजूले सारून दोन भाकरी हाणल्या म्हणे.

मी व्हिडिओ कॉलवर होतो. उकंडा काकानं फोन खिडकीतल्या लोट्याले टेकवला अन् तो घसरला. पुढचा सारा वेळ मले फक्त फिरता पंखा दिसला. आवाज मात्र सगळ्यायचे ऐकू येत होते.

सर म्हणाले, आता आम्ही बाहेर बसतो, तुम्ही आपसात ठरवा. पोरगी कोणाकडं राहीन, कोण काय करीन. फक्त बायकायले बोलू द्या, अन् पोरीले बी. नायकले ते पचलं नाही, कारण तांड्याच्या बैठकीत बायका मागं उभ्या राहतात. पण याडी सगळ्यायच्या आधी खुर्चीवर बसली होती, अन् तिले उठवायची हिंमत कोणात हाय? दार लागलं. मले वाटलं, आता जो तो हात झटकन, मले जमत नाही म्हणन. भांडण झालं, पण उलटंच. याडी म्हणे पोरगी माही. शंकरसिंग म्हणे माह्या बहिणीची निशाणी हाय, माही. आत्या म्हणे तुम्ही दोघं भांडकुदळ, माह्याकडं म्हैस हाय, लेकराले दूध भेटन. मंग सगळेच एकदम बोलाले लागले. त्यात शंकरसिंगनं तुह्या बोलण्यापायी भरल्या ताटावरून उठल्याची गोष्ट काढली. मी पंख्याकडं पाहत डोक्याले हात लावला, म्हटलं गेलं आता सारं.

याडी उठली. पातेल्याचं झाकण वाजलं. अन् ती त्याले म्हणाली, "तुझं ताट त्या दिवशी तसंच राह्यलं होतं नं? हे घे. आधी जेव, मंग भांड." मंग मले भाकर मोडल्याचा आवाज आला. खरं सांगतो भिया, एवढं गोड मी कधी काही ऐकलं नव्हतं.

मंग सेवंतीले मधात बोलावलं. नायकनं विचारलं, बाई, तुले कुठं राह्यचं? ती म्हणाली, "मामाच्या घरी. तिथून रस्ता दिसते." शंकरसिंगचं पंक्चरचं दुकान ढाणकीच्या फाट्यावर, अन् घर दुकानाले लागून, तुले माहीतच हाय. याडीचं तोंड उतरलं असन. मले दिसलं नाही, पण काठी एकदा आपटल्याचं ऐकू आलं. मंग म्हणे, ठीक हाय, तं माही खाट बी फाट्यावर नेऊन टाका. शंकरसिंग हो म्हणाला. नाही कसा म्हणन, तोंडात घास होता.

त्याच बैठकीत कामं वाटली. उकंडा काका शाळेत नेईन अन् आणीन. आत्या दर शनिवारी येऊन न्हाऊ घालीन, उवा काढीन. फाट्यावर जो दारू विकते त्याले समजवायचं काम नायकनं स्वतःच्या अंगावर घेतलं. सर दर महिन्याले येऊन पाहतीन. मॅडमनं सगळ्यायचं ऐकलं, उलटसुलट विचारलं, अन् मान्य केलं. आता सेवंती मामाकडं हाय. हवा भरायचा पाइप तिनं ताब्यात घेतला, सायकलवाल्या पोट्ट्यायले रांगेत उभं करते. याडी अन् शंकरसिंग रोज भांडतात, दोघायची तब्येत सुधरली. शेळी बी तिथंच हाय.

राह्यलं माहं काम. बैठक उठता उठता सेवंतीनं फोन हातात घेतला. पंखा गेला अन् तिचं तोंड दिसलं, वहिनीची हनुवटी घेऊन आलेलं. मी विचारलं, रस्ता कायले पाह्यजे गं तुले? ती हळूच म्हणाली, "बापू एसटीतून उतरला तं पह्यले मलेच दिसन." मंग म्हणे, काका, तिथं फोन देत नाहीत, तं तू पत्र लिही, सगळ्यायले काम भेटलं, बापूले बी एक हाय म्हणून सांग. तं ऐक. केंद्रातून सुटी झाली का दिवसाउजेडी यायचं, फाट्यावर उतरायचं, अन् आपल्या पायानं चालत दुकानापर्यंत जायचं, पायात चपला घालून. सध्या पोरीले घेऊन जायचं नाही, मामाच्या घरी सगळ्यायसमोर भेटायचं, तेही शुद्धीत. समितीची अट हाय, मुकाट्यानं मान. शंकरसिंगले भिऊ नको, त्याचं ताट संपलं. तुमच्या केंद्राच्या ऑफिसात तुह्या नावानं पैसे भरले हायत: फाट्यापर्यंतचं भाडं, मधात एक चहा, अन् पुसदच्या स्टँडवरून तिच्यासाठी पाव किलो जिलेबी. परतीचं भाडं धरलं नाही. वरचा एक रुपया बी नाही, काहून ते तुले समजते. तीनशे चाळीस रुपये.

तुझाच, कोणीतरी असलेला,
संजय